तहकूब सभेचे प्रजासत्ताक : विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : तहकूब ग्रामसभेलाही कोरमची (किमान हजेरीची) अट घालण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

विषय वाचून ‘ही तर तांत्रिक बाब’ असे मनात आले असेल. तांत्रिकच आहे, आणि एका ओळीची आहे. पण त्या एका ओळीच्या आडोशाने राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींत वर्षानुवर्षे कारभार चालतो. हे पत्र गटविकास अधिकाऱ्यांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लिहून उपयोग नव्हता. त्यांच्या लेखी सगळे नियमाप्रमाणेच चालले आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की ते खरे आहे. नियमच बदलायला हवा.

आधी आमचा संबंध काय ते सांगतो. लोकसभेच्या बाबतीत आम्ही मतदार आहोत आणि विधानसभेच्या बाबतीतही मतदारच. ग्रामसभेच्या बाबतीत मात्र आम्ही सदस्य आहोत. संविधानाच्या कलम २४३ मध्ये ग्रामसभेची व्याख्याच अशी आहे की गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत, त्या सगळ्यांची मिळून ती होते. अठरा वर्षे पूर्ण झाली आणि यादीत नाव चढले की झालो सदस्य. अर्ज, अनामत, पक्षाचे तिकीट यातले काही लागत नाही. हे सदस्यत्व पाच वर्षांनी संपत नाही. सरपंच अपात्र ठरतो, पंचायत बरखास्त होते, प्रशासक येतो, तरी ग्रामसभा असतेच. राज्यातल्या कित्येक जिल्हा परिषदा २०२२च्या मार्चपासून निवडणुकीविना प्रशासकांच्या हाती गेल्या, तेव्हाही ग्रामसभा जागेवरच होती. ‘आम्ही, भारताचे लोक’ हे शब्द उद्देशिकेत आहेत. पण हे लोक स्वतः, कोणी प्रतिनिधी मध्ये न घेता, एका सतरंजीवर बसून ठराव करू शकतात, अशी संविधानाने नाव घेऊन सांगितलेली जागा ही एवढीच आहे.

आता त्या जागेवर काय होते ते पाहा.

सात दिवस आधी नोटीस निघते. ती पंचायतीच्या फलकावर लागते, म्हणजे दर सोमवारी उघडणाऱ्या कचेरीच्या बंद दाराआडच्या फलकावर. सभेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलावर हजेरीचे रजिस्टर आणि दोऱ्याने बांधलेले पेन. वेळ ११ची. साडेअकरापर्यंत चाळीसेक सह्या होतात. कायद्याने कोरम आहे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. बारा वाजता सरपंच घड्याळ पाहतात, ग्रामपंचायत अधिकारी (पंचायतीचे सचिव) प्रोसिडिंग बुकात ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ असे लिहितात, आणि जमलेली चाळीस माणसे चहा घेऊन घरी जातात.

चार-सहा दिवसांनी तीच सभा पुन्हा भरते. हिची दवंडी बहुधा होत नाही, वाडी-वस्तीवर निरोप जात नाही. आणि इथे ती एक ओळ येते : तहकूब सभेला कोरमची अट नाही. पंधरा-वीस माणसे असतात, त्यांतली निम्मी पंचायतीचे सदस्य आणि त्यांचे भाऊबंद. विषयपत्रिकेवर चौदा विषय. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च वाचणे, विकास आराखड्याला मान्यता, घरकुलाची यादी, दिवाबत्ती, रस्ते, शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. अर्ध्या तासात सगळे मंजूर. प्रत्येक ठरावाखाली एक सूचक, एक अनुमोदक, आणि तेच ठरलेले वाक्य : ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ वर्षभराचे बुक चाळून पाहिले तर सूचक-अनुमोदकांची तीच दोन-तीन नावे पुन्हापुन्हा सापडतील. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही हे खरे. पण चौदा विषय आधीच्या पत्रिकेत असले तर नवा घ्यायची गरजच कुठे पडते? काहींनी म्हणूनच एक युक्ती काढली आहे. पहिल्या नोटिशीतच विषय इतके भोंगळ लिहायचे (‘विविध विकासकामांबाबत चर्चा करणे’) की पुढे त्यात काहीही बसवता यावे.

यात बेकायदा काहीच नाही. नोटीस निघाली, सभा भरली, तहकूब झाली, पुन्हा भरली. वर्षाला चार सभांची अट पूर्ण. ती पुरी झाली नाही तर सरपंचाचे पद जाते आणि सचिवावर कारवाई होते, अशी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ मध्ये कडक तरतूद आहे. त्यामुळे सभा ‘होण्याची’ काळजी सगळेच घेतात. तिला कोणी यावे याची काळजी घ्यायला कायदा कोणालाच भाग पाडत नाही. उलट, लोक न आलेलेच बरे. आले तर प्रश्न विचारतील. नाही आले तर पुढची सभा सोपी.

कोरमचा हिशेबही एकदा मांडू. ६०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ९० माणसे लागतात. मतदार ६६७ च्या पुढे गेले की १०० ची मर्यादा लागू होते आणि तिथून आकडा हलत नाही. २,४०० मतदारांच्या गावात १०० म्हणजे साधारण चार टक्के. १० हजार मतदारांच्या गावात, आणि शहरांच्या कडेला अशी गावे आता पुष्कळ आहेत, १०० म्हणजे एक टक्का. गाव जेवढे मोठे, पैसा जेवढा जास्त, तेवढी संमतीची अट सैल. आणि तहकूब सभेत ती शून्य.

याच राज्यात ग्रामसभेची संमती इतर कामांसाठी कशी मोजली जाते? गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज, मग सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). आडवी जिंकायला आलेल्या नव्हे, यादीतल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात. जी बाई शेतावर गेली, जी माहेरी गेली, तिचे न दिलेले मतही उभ्या बाटलीलाच जाते. वनहक्क कायद्याखाली, २०१२च्या सुधारित नियमांनुसार, ग्रामसभेला एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव ग्रामसभेपुढे येतो तेव्हा तिथे गुप्त मतदान होते. म्हणजे मोजणी कशी करावी हे आपल्याला माहीत नाही असे नाही. दुकान बंद करायला निम्म्याहून जास्त महिला मतदार हव्यात, वनजमिनीचा पट्टा मिळवायला निम्मे गाव हवे, आणि वर्षभराचा निधी खर्च करायच्या आराखड्याला मात्र ज्या सभेला कोणी आले नाही तिची मान्यता चालते. हा क्रम कोणत्या तत्त्वात बसतो ते आपणच सांगावे.

तत्त्वाची गोष्ट निघालीच आहे तर ती टाळून चालणार नाही, कारण ग्रामसभेच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण इथे गांधींचे नाव घेतात आणि आंबेडकरांना वळसा घालून जातात. आम्हाला तो वळसा घालायचा नाही.

संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. आंबेडकरांनी गावाविषयी जे सांगितले ते कडू होते. गाव म्हणजे स्थानिक संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाची गुहा, असा त्यांचा रोख होता. मसुद्याने गाव टाकून व्यक्ती हा घटक धरला याचा आपल्याला आनंद आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. सभागृहात त्यावर बरीच नाराजी झाली. पुढे २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी पंचायतींविषयीची दुरुस्ती मांडली, आंबेडकरांनी ती स्वीकारली, आणि तेच आजचे कलम ४० : राज्याने ग्रामपंचायती संघटित कराव्यात आणि त्यांना स्वराज्याचे घटक म्हणून काम करता येईल एवढे अधिकार द्यावेत. आंबेडकरांचा विरोध ऐनवेळचा नव्हता. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न उपस्थित केला होता. ज्या गावात अस्पृश्य अल्पसंख्य आहेत, तिथे गावाच्या हाती सत्ता देणे म्हणजे कोणाच्या हाती देणे?

हा प्रश्न आजच्या तहकूब सभेला लावून पाहा. पंधरा माणसांच्या सभेत बौद्धवाड्यातून कोण होते? पारधी वस्तीवरून? एकट्या राहणाऱ्या म्हातारीला घरकुल हवे होते, ती होती का? हात वर करून मत द्यायचे असते तेव्हा ज्याच्या रानात मजुरीला जायचे त्याच्यासमोर कोणाचा हात वर जातो? गाव एकजिनसी नाही हे आंबेडकरांनी सांगितले, आणि कोरम नसलेली सभा नेमकी ते विसरते. ती ‘गाव’ म्हणून बोलते, पण बोलणारा असतो गावातला एक वाडा. ग्रामसभा बळकट व्हावी या मागणीला आंबेडकरांचा आक्षेप आड येतो असे मानणारे चुकतात. तो आक्षेप गांभीर्याने घेतला तर कोरम, वाडीनिहाय हजेरी आणि गुप्त मतदान या तीन गोष्टी आपोआप मागाव्या लागतात.

त्याच ४ नोव्हेंबरच्या भाषणात आणखी एक मुद्दा आहे. एवढे प्रशासकीय तपशील संविधानात कशाला घातले, या टीकेला उत्तर देताना आंबेडकर म्हणाले की संविधानाचे रूप न बदलताही, केवळ प्रशासनाचे रूप बदलून, ते विकृत करता येते. ७५ वर्षांहून अधिक काळानंतर याचे इतके चपखल उदाहरण शोधूनही सापडणार नाही. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, ग्रामसभेला संविधानात जागा मिळाली. त्याआधी बैठकांचे नियम होते १९५९चे. दुरुस्तीने मोठी इमारत बांधली आणि दाराला कडी जुन्याच नियमांची राहिली. संविधानातला एक शब्दही न बदलता ग्रामसभा पंधरा माणसांची झाली.

७३व्या दुरुस्तीतही एक कच्चा दुवा आहेच. पंचायतींची निवडणूक, मुदत, आरक्षण यांविषयी ती आग्रही बोलते. ग्रामसभेविषयीचे कलम २४३-अ मात्र एकाच वाक्याचे आहे : राज्याचे विधिमंडळ कायद्याने ठरवील ते अधिकार ग्रामसभा वापरू शकेल. चेंडू तुमच्या अंगणात टाकला आहे, आणि तो तिथेच पडून आहे. ग्रामसभेचे दुखणे दिल्लीत सांगून उपयोग नाही, कारण औषध मुंबईत किंवा, अधिवेशन हिवाळी असेल तर, नागपुरात आहे.

तारखांविषयीही तक्रार आहे. सभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर यांच्या आसपास होतात. राष्ट्रीय दिवसांना गावाने एकत्र यावे ही कल्पना सुंदर आहे, पण कॅलेंडर मुंबईत बसून केलेले दिसते. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालते. कोयता घेऊन गेलेला माणूस फडात, आणि त्याच्या वस्तीवर पाण्याची टाकी हवी की नको याचा ठराव गावात. आराखडा त्याच्या नावे होतो, त्याच्याशिवाय होतो. १ मेला लग्नसराई आणि ऊन. १५ ऑगस्टला पाऊस असला तर खुरपणी, नसला तर चिंता. चारांपैकी दोन तारखा जरी जिल्ह्याजिल्ह्याच्या शेतीहंगामाप्रमाणे ग्रामपंचायतींना ठरवू दिल्या तरी पुष्कळ फरक पडेल.

महिलांच्या सभेबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखे फार घडतच नाही. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात बचत गटाच्या बैठकीतल्या सह्या तिथे चिकटतात. पंचायतीत ५० टक्के आरक्षण देणारे आपले राज्य. ग्रामसभेच्या रजिस्टरात बायकांच्या सह्या एकाच हस्ताक्षरात आढळल्या तर त्याची चौकशी कोणी करत नाही.

प्रोसिडिंग बुकाचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण भांडण शेवटी तिथेच येऊन थांबते. बुकात चूक कुठे होते? एक म्हणजे, हजेरीत आल्याची वेळ नसते आणि गेल्याचीही नसते, त्यामुळे ठरावाच्या क्षणी किती माणसे बसलेली होती हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. सह्या नंतर घरोघर फिरूनही घेता येतात. दुसरे, ठरावाखाली बाजूने किती, विरोधात किती हे आकडे नसतात; ‘सर्वानुमते’ हा एक शब्द सगळ्यांच्या तोंडावर बोळा कोंबतो. विरोध नोंदवा म्हटले तर ‘लेखी द्या’, आणि लेखी दिले तर ते बुकाला न जोडता फायलीत. तिसरे, इतिवृत्त सभेत लिहिले जात नाही. मुद्दे कागदावर टिपायचे आणि बुक दोन दिवसांनी ‘नीट’ लिहायचे, अशी पद्धत आहे. या दोन दिवसांत घरकुलाच्या यादीत नावे वरखाली होतात. चौथे, मध्ये कोरी पाने राहतात. जुना ठराव नव्याने हवा झाला की ती कामी येतात. हे रोखायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. पाने आधी क्रमांक घालून गटविकास अधिकाऱ्यांच्या शिक्क्याची हवीत, कोऱ्या ओळींवर तिरकी रेघ हवी, सभा संपण्याआधी इतिवृत्त मोठ्याने वाचले जावे, आणि त्याखाली अध्यक्षांबरोबर हजर असलेल्या दहा सामान्य सदस्यांच्या सह्या घ्याव्यात. त्याच संध्याकाळी पानाचा फोटो फलकावर आणि पोर्टलवर. सभेचा फोटो तर आताही काढतातच, फक्त बुकाचा काढत नाहीत.

‘लोकच येत नाहीत’ हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. आपल्यापैकी काही जण कधी ना कधी सरपंच किंवा पंचायत समितीचे सदस्य होते, आपण ते अनुभवाने म्हणता. पण एक पाहिले आहे का? तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाची निवड विषयपत्रिकेवर असली की तेच मैदान भरून वाहते. (त्या निवडीवरूनच तंटा होतो हा भाग वेगळा.) ज्या सभेत आपल्या हाताने काही ठरते, तिथे माणसे येतात. जिथे सगळे आधीच ठरलेले असते तिथे मजुरी बुडवून का यावे? अनुपस्थिती हा आळस नाही, तो हिशेब आहे.

पहिला दाखला आपल्याच राज्यातला. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली ती पाटीवर लावण्यासाठी नव्हे. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचे पटले नाही तर विषय पुन्हा अभ्यास गटात जातो. वेळ लागतो. पण २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून त्याच गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगल सांभाळायला घेतले आणि २०११ पासून स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः दिला. तिथे ‘सर्वानुमते’ हा शब्द खरा असतो. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही ठिकाणी नकार आला आणि खाण थांबली. केरळने १९९६ मध्ये लोकनियोजनाची मोहीम काढली तेव्हा राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे वळवला, आणि तिथली ग्रामसभा वॉर्डची असते. मैदानात शेकडो माणसे बसवून भाषणे ऐकवण्याऐवजी पाणी, शेती, शिक्षण असे विषयवार लहान गट पाडतात. माणूस चारशेंच्या गर्दीत गप्प बसतो, वीस जणांच्या गटात बोलतो. साधी गोष्ट आहे.

आणि पैसा कमी नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात राज्याला मिळालेल्या ग्रामीण निधीतला ८० टक्के हिस्सा थेट ग्रामपंचायतींकडे आला, त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे टक्के पाळले की नाही हे तपासायची जागा ग्रामसभाच आहे. रोकडवही, नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही), दिव्यांगांच्या निधीचा हिशेब हे सगळे टेबलावर मागण्याचा अधिकार सदस्याला हवा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा तिकीट लावून, महिनाभर थांबून, पानाला दोन रुपये देऊन ते आपल्याच सभेच्या कागदांसाठी मागायचे, यात काही तरी उलटे आहे.

तेव्हा आमच्या मागण्या. शक्य तितक्या साध्या ठेवल्या आहेत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ मध्येच कोरम घाला, म्हणजे तो नियमांवर सोडला जाणार नाही. नियम शासन करते, कायदा तुम्ही करता. पहिल्या सभेला आजचाच कोरम ठेवा, पण ‘जो आकडा कमी असेल तो’ ही सवलत ३,००० पेक्षा जास्त मतदारांच्या गावांसाठी काढून तिथे किमान ५ टक्के धरा. तहकूब सभेला पहिल्या कोरमच्या निम्मा कोरम लागेल अशी अट घाला. तोही झाला नाही तर काम अडेल ही भीती खरी आहे, म्हणून त्या सभेत फक्त चालू कामे मंजूर व्हावीत : पाणीपुरवठ्याचे बिल, दिवाबत्ती, कर्मचाऱ्यांचे पगार. नवे काम, लाभार्थी यादी, जमिनीचा विषय आणि विकास आराखडा कोरमशिवाय मंजूर होऊ नये. हे विषय तिसऱ्या वेळी वॉर्डावॉर्डात, वाडीवस्तीवर जाऊन घ्यावेत आणि सगळीकडची हजेरी मिळून कोरम मोजावा. गट ग्रामपंचायतीत (अनेक गावांची मिळून एक पंचायत) तर हे सुरुवातीपासूनच हवे. चार मैलांवरच्या पाड्यावरून कोण येणार?

हजेरी वाडीनिहाय घ्या, आणि प्रत्येक वस्तीवरून किमान काही माणसे आल्याशिवाय कोरम पुरा धरू नका. आंबेडकरांच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर नाही. निदान प्रश्न दरवेळी रजिस्टरात दिसेल.

हजर सदस्यांपैकी दहा टक्क्यांनी मागणी केली तर त्या ठरावावर गुप्त मतदान घ्या. चिठ्ठी आणि पत्र्याचा डबा एवढेच लागते. दारूच्या दुकानासाठी जे चालते ते घरकुलाच्या यादीसाठीही चालेल.

प्रोसिडिंग बुकाची पद्धत वर लिहिली आहे ती नियमांत आणा. विषयपत्रिकेत रकमेसह, ठिकाणासह विषय लिहिणे सक्तीचे करा. ‘विविध विकासकामे’ असा विषय लिहिला तर त्याखालचा ठराव रद्द. पाच हजारांपेक्षा जास्त खर्चाचा कोणताही विषय ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून येऊ नये.

आणि ऊसतोड तालुक्यांत आराखड्याची सभा माणसे गावात असताना घ्या.

येत्या अधिवेशनात यातले काय होणार आणि काय होणार नाही, आणि होणार नसेल तर का, हे आपण आपापल्या मतदारसंघातल्या ग्रामपंचायतींना लेखी कळवावे. पुढच्या ग्रामसभेत आम्ही हे पत्र आणि आलेली उत्तरे वाचणार आहोत. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात नाही, सात दिवस आधी नोटिशीत छापून. सभा तहकूब झाली तर पुन्हा वाचू, आणि त्या दिवशी किती जण हजर होते तो आकडा मोजून बुकात लिहून घेऊ.

आपले,
ग्रामसभेच्या यादीत नावे असलेले काही सदस्य